दहा फुटांचं टेबल

१

बुधवारी सकाळी नऊ वाजता साच्याची पहिली फळी निघाली आणि टेबल फळीबरोबरच खाली आलं. दगड पडला तर आवाज होतो. हे ओल्या कोंड्यासारखं जमिनीवर ओघळलं, आणि आतली लोखंडी जाळी उघडी पडली.

मी तिथेच उभी होते. माझं नाव आनंदी रामटेके. एकतीस वर्षं मी सरकारी प्रयोगशाळेत एकच काम केलं. पुलांच्या, शाळांच्या, धरणांच्या काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचे आणि किती भार सोसून फुटले ते लिहायचं. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी बालाघाटच्या आमच्या वॉर्डात मला अजून 'ठोकळेवाली बाई' म्हणतात.

टेबल वॉर्डाच्या नव्या वाचनालयाचं होतं. वाचनालयाचा सगळा आराखडा श्रुतिका गजभियेचा. सत्तावीस वर्षांची पोरगी, नागपूरला इंटीरियरचं शिकून परत आली. एकदा गेलेली मुलं आमच्याकडे परत येत नाहीत, ही आली. तिने भिंतींना मातीच्या विटा नाकारल्या आणि हलके पोकळ ब्लॉक घेतले, आत ऊन कमी झिरपावं म्हणून. खिडक्यांना सिमेंटची जाळी बसवली. फरशी लावलीच नाही. काँक्रीटचाच पातळ थर घोटून घोटून तळ्याच्या पाण्यासारखा गुळगुळीत केला. खिडक्यांखाली काँक्रीटचे दोन बाक, आणि मधोमध हे दहा फुटांचं टेबल, एकसंध, कुठेही जोड नाही. पॉलिश केल्यावर त्यात वैनगंगेचे गोटे दिसणार होते.

आता ते टेबल तिच्या चपलांवर पडलं होतं.

"हे काय झालं व, श्रुतिका?" समितीचे अध्यक्ष टिकाराम उके गुरुजी हळूच म्हणाले. "रविवारी उद्घाटन हाय. कार्ड वाटून झाले."

"मी पहिलेच म्हटलं होतं," राजेंद्र बोरकर म्हणाला. तो समितीचा उपाध्यक्ष. गोंदिया रोडवर त्याचं ग्रॅनाइट-टाइल्सचं मोठं दुकान आहे. "सिमेंट नाली बनवाले असते, टेबल बनवाले नाही. जाऊ द्या. गुरुजी, उद्घाटन रोकू नका. ग्रॅनाइटचं टेबल माह्याकून दान. संध्याकाळपर्यंत बसवून देतो."

लोकांच्या माना हलल्या. गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. "चार वाजता बैठक घेऊ. ग्रॅनाइट बसवू, आन् बाकीचं काँक्रीटही टाइलखाली झाकून टाकू. कोणावर पडलं तं?"

श्रुतिका पुढे आली. तिने पायावरचा चिखल झटकला नाही, डोळे पुसले नाहीत.

"एक भी टाइल नाही लागणार," ती म्हणाली. "माही गलती असंन तर मी खुद हातोडा मारीन सगळ्यावर. पण चार वाजेपर्यंत कोणी कायलेच हात लावाचा नाही."

पोरीची ती मान मला आवडली. मी कोपऱ्यातला हातोडा उचलला आणि खिडकीखालच्या बाकावर मारला. खणखणीत आवाज आला. दुसऱ्या बाकावर मारला. तोच आवाज.

"हे कधी ओतले?"

"रविवारीच, मावशी. सकाळी बाक, जेवणानंतर टेबल. तेच सिमेंट, तीच रेती, तेच गोटे."

मी खाली पडलेला ओला चुरा चिमटीत दाबून पाहिला. तीन दिवस झाले तरी त्याला धरण्याची इच्छाच नव्हती.

"मग सिमेंट खराब नाही," मी म्हटलं. "हे टेबल कोणीतरी मारलं आहे."

२

मिस्त्री प्रेमलाल बाहेर जांभळीखाली बिडी ओढत बसला होता. चाळीस वर्षांचा अनुभव, आणि श्रुतिकाचं एकही काम त्याने कुरकुर केल्याशिवाय केलं नव्हतं. शनिवारीच दोघांची जुंपली होती. व्हीलचेअरवर फिरणारी मंजू, पटवारीच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी, साचा बघायला आली. खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडतात, हे श्रुतिकाच्या लक्षात आलं. तिने तिथल्या तिथे साचा मोडला आणि टेबलाच्या एका टोकाला अर्धचंद्रासारखी खाच करवून घेतली, म्हणजे मंजूला आत शिरून बसता यावं. प्रेमलालने त्या खाचेसाठी पुरी संध्याकाळ पत्रा वाकवला आणि तितका वेळ शिव्या दिल्या.

"त्या पोरीचं केमिकल पाहा न बाई," तो मला म्हणाला. "काँक्रीट पातळ करते म्हणे. बाकाच्या पाण्यात नव्हतं, टेबलाच्या पाण्यात होतं. त्यानंच खाल्लं."

बोलणं बिनबुडाचं नव्हतं. बाकांचं पाणी बादलीने घेतलं होतं. टेबलाचं पाणी मात्र श्रुतिकाने निळ्या ड्रमात मापून भरलं, त्यात केमिकल मिसळलं आणि मग सगळे जेवायला गेले.

"ड्रम कुठे आहे?"

तो मागच्या भिंतीशी आडवा पडला होता. मी जवळ गेले आणि थांबले. भिंतीच्या फटीतून काळ्या मुंग्यांची रांग निघून थेट ड्रमाच्या तोंडात जात होती. तळाशी तपकिरी थर वाळला होता. मी बोटाने खरवडून जिभेवर ठेवला.

प्रेमलाल उभा राहिला. "काय हाय?"

"तूच चाख."

त्याने चाखलं आणि बिडी फेकून दिली. "गूळ! बाई, सिमेंटात गोड? मी दारू पिऊन काम करीन, पण हे नाही करणार. अर्धा किलो गुळानं दोन पोत्यांचं सिमेंट मरते. मिस्त्रीच्या जातीले हे मालूम असते."

"म्हणून तर तुला विचारते."

तो रागाने लाल झाला, पण गेला नाही. श्रुतिकाने स्टीलचे तीन पेले आणले. मी तिन्हींत एकाच पोत्यातलं सिमेंट कालवलं. पहिल्यात साधं पाणी. दुसऱ्यात श्रुतिकाच्या केमिकलचं पाणी. तिसऱ्यात ड्रम खंगाळून निघालेलं पाणी. तिन्ही पेले उन्हात ठेवून मी वर खडूने आकडे घातले.

"आता सांग, प्रेमलाल. जेवणाच्या वेळी ड्रमाजवळ कोण होतं?"

त्याने नवी बिडी पेटवली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आमी सगळे पंगतीत. राजेंद्रभाऊ भी होता, वाढत होता. ड्रमाजवळ एकटी शेवंताबाई. ते घरून जेवून येते."

शेवंताबाई माझी शेजारीण. वाचनालयाचं पाणी तीच भरायची, आणि त्या टेबलावर वॉर्डात तिच्याइतका जीव कोणी लावला नव्हता.

३

पंचाहत्तरीची शेवंताबाई दारात तांदूळ निवडत होती. तरुणपणी ती रेजा, म्हणजे बांधकामावर माल वाहणारी मजूर होती. बालाघाटच्या अर्ध्या जुन्या इमारतींचा चुना आणि गारा तिच्या डोक्यावरून वर चढला आहे.

"टेबल पडलं म्हणे," ती म्हणाली. "बिचारी पोरगी."

"मावशी, ड्रमात गूळ टाकला होता का कोणी?"

"हौ, मी टाकलो." सूप खाली ठेवून ती सरळ माझ्याकडे पाहू लागली. "पाण्यात विरघळून, फडक्यानं गाळून. काहून?"

इतकं सरळ उत्तर मला एकतीस वर्षांत मिळालं नव्हतं.

"कशाला टाकलास?"

"मजबूत व्हावं म्हणून. आमी चुन्यात टाकत होतो न, गूळ आन् बेलाचा गर. त्या भिंती अजून उभ्या हायेत, हातोडा मारला तं हातोडा वापस येते. बाकाले नाही टाकला. म्हटलं, टेबलाले टाकू. लेकरं वाचतीन तिथं."

मला सांगावंच लागलं. चुन्याला गूळ मानवतो. सिमेंटला तो विष आहे. सिमेंट पाण्याशी जुळून घट्ट होतं, आणि गोड मध्ये आलं की ते जुळणंच थांबतं.

शेवंताबाईने सूप बाजूला सारलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मीच मारलो त्याले?"

"मावशी, तू रेजाचं काम सोडून तीस वर्षं झाली. गुळाची आठवण तुला रविवारीच कशी आली?"

तिने सूप पुन्हा ओढून घेतलं.

"कोणी काढली आठवण?"

"त्याचं नाव नाही सांगत." तिने मान वळवली. "त्यानं भल्यासाठीच म्हटलं असंन. त्याच्या घरचे उपकार हायेत माह्यावर."

माझ्या मनात लगेच प्रेमलाल आला. वीस वर्षं शेवंताबाईला काम त्याच्याच बापाने दिलं होतं.

"पण चार वाजता मी येतो तिथं," ती उठत म्हणाली. "माह्या तोंडानं सांगतो, मी केलो म्हणून. त्या पोरीवर नाव नाही येऊ देणार. कोणाच्या बापाले भेत नाही मी."

४

एकटी शेवंताबाई दोषी ठरली तर सगळ्यांची सोय होणार होती. म्हातारीची चूक म्हणून लोक हळहळतील, ग्रॅनाइट बसेल, आणि तिच्या कानात गूळ घालणारा टाळ्या वाजवत उद्घाटनाला बसेल. मला ते पटत नव्हतं.

प्रेमलालला गुळाचं माहीत होतं, पण टेबल पडलं तर बोट आधी मिस्त्रीकडेच जातं. त्या खाचेवर त्याने शिव्या देत का होईना, एक अख्खी संध्याकाळ घातली होती. आपलंच काम कोण मारेल? मग मी ऑटो केली आणि दहा फुटांचा दगड संध्याकाळपर्यंत बसवायला तयार असलेल्या राजेंद्रच्या दुकानात गेले. अकरा वाजले होते.

"या बाई, या!" त्याने खुर्ची ओढली. "मिस्त्रीले पकडलं का? त्यालेच नवं काम पसंत नव्हतं."

"बघतेय अजून. तुमचं ग्रॅनाइट पाहू म्हटलं. बैठकीत सांगायला बरं."

तो खुशीत मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. लोखंडी घोड्यावर काळा कुळकुळीत दगड उभा होता, दहा फूट लांब, तीन फूट रुंद. समोरच्या लांब कडेवर गोणपाट गुंडाळून चिकटपट्टी मारली होती.

"हे काय?"

"नेतानी कड फुटू नये म्हणून."

दगडाच्या एका टोकाला अर्धचंद्राची खाच होती. मी तिच्या आतून हात फिरवला. कड आरशासारखी घोटलेली. माझं बोट घसरत गेलं.

"छान काम आहे. कधी कापलं?"

"आत्ताच. सकाळी गुरुजी हौ म्हणाले आन् मी फोन केला. आमचे कारीगर लय तेज हायेत, बाई."

दगड कापायच्या यंत्रावर पाणी सोडावं लागतं. खाली चिखल साचतो. मी वाकून पाहिलं. यंत्राखालची भुकटी पांढरी आणि कोरडी होती, उन्हात तडकलेली. मग चहा प्यायले आणि निघाले.

घरी आल्यावर आमच्या जुन्या ओळखीच्या दगड-कारागिराला, पुनारामला, फोन लावला. फक्त एकच प्रश्न विचारला. गोल खाच कापून तिची कड आरशासारखी घोटायला किती वेळ लागतो?

"घाई केली तं दोन दिवस," तो म्हणाला.

५

चारच्या बैठकीला वाचनालयाचा हॉल भरला होता. राजेंद्रचा टेम्पोही दारात येऊन उभा होता, दगडासकट. गुरुजींनी ठराव वाचायला कागद काढला, तेवढ्यात शेवंताबाई उठली.

"गूळ मी टाकलो," ती खणखणीत म्हणाली. "पोरीनं काही नाही केलं."

गोंधळ झाला. कोणी हसलं, कोणी 'डोकरी भ्रमिष्ट झाली' म्हणालं. राजेंद्र पुढे झाला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "जाऊ द्या बाप्पा, बुढी माणूस हाय. चूक होते. कोणी तिले काही बोलाचं नाही."

मी तीन पेले पुढे ठेवले. पहिल्यावर नख मारलं, नख मोडलं. दुसऱ्यावर, केमिकलच्या पाण्याच्या पेल्यावर, नख मारलं, ओरखडाही नाही. तिसऱ्यात बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

"हे ड्रम खंगाळलेलं पाणी," मी म्हटलं. "श्रुतिकाचं सामान चोख होतं, तिचं मापही चोख होतं. गूळ शेवंतामावशीने टाकला, हेही खरं. पण तिला आठवण कोणी करून दिली, ते ती सांगत नाही. मी सांगते. राजेंद्रभाऊ, दारातला दगड कधी कापला?"

"सांगतलं न. आज सकाळी."

"पुनारामला विचारलं. त्या खाचेला दोन दिवस लागतात. तुमचं यंत्रही आज ओलं नव्हतं. शनिवार संध्याकाळपर्यंत या टेबलाला खाचच नव्हती, म्हणून दगड शनिवारच्या आधीचा नाही. खाच तुम्ही रविवारी पाहिली, इथे वाढायला आलात तेव्हा. म्हणजे दगड सोमवारी-मंगळवारी कापला. टेबल पडलं बुधवारी. अशी खाच बालाघाटात दुसऱ्या कोणत्या टेबलाला आहे? गिऱ्हाईक जिवंत असताना तुम्ही कफन शिवून ठेवलंत."

राजेंद्रने मान ताठ ठेवली.

"समजा, मी म्हटलं मावशीले, पहिले चुन्यात गूळ टाकत होते म्हणून. तं गुन्हा झाला का? मले काय मालूम, सिमेंटले गोड चालत नाही?"

"मालूम नव्हतं," मी विचारलं, "तर टेबल पडणार हे कसं मालूम होतं?"

राजेंद्रची नजर दाराकडे गेली.

प्रेमलाल केव्हाच बाहेर गेला होता. टेम्पोवर चढून त्याने कडेचं गोणपाट फाडलं. समोरच्या लांब कडेवर, बसणाऱ्या प्रत्येकाच्या छातीसमोर येईल अशी, सोनेरी अक्षरं कोरलेली होती: कालकथित फकिरा बोरकर यांच्या स्मरणार्थ.

दोन महिन्यांपूर्वी समितीत याच गोष्टीवर वाद झाला होता. टेबलावर आपल्या बापाचं नाव असावं असं राजेंद्र म्हणाला होता, आणि वाचायच्या जागेवर कोणाचंच नाव नको म्हणून श्रुतिका अडून बसली होती.

"चाळीस साल त्यानं या वॉर्डाले शिकवलं!" राजेंद्र एकदम ओरडला. त्याचा आवाज फाटला. "फुकट! रोज सांजच्याले, कंदिलात. या गावात त्याच्या नावाचा एक गोटा नाही. मी मांगतलं तं तुमी हसले. आन् ही कालची पोरगी मले शिकवते!"

खोटं नव्हतं ते. फकिरा गुरुजींच्या वर्गात माझी आईही बसली होती.

शेवंताबाई त्याच्याजवळ गेली.

"हौ, त्याचेच उपकार. माही सही त्यानंच शिकवली. म्हणून तुहं नाव घेतलं नाही मी सकाळपासून." तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "पण त्यानं माह्या पाटीवर माहं नाव लिवून देल्लं, राजू. आपलं नाही लिवलं. कोणाच्याच पाटीवर नाही लिवलं. आन् तू माह्या हातानं लेकराईचं टेबल मारलं?"

राजेंद्र खाली बसला. बापाचं नाव दारात उन्हात चकाकत होतं, आणि तो तिकडे बघत नव्हता.

श्रुतिका म्हणाली, "काका, तुमी पुन्हा येऊन मले म्हटलं असतं, तर मी ऐकून घेतलं असतं." थोडं थांबून तिने पुढे जोडलं, "मानलं नसतं."

गुरुजींनी घसा खाकरला. जन्मभर भांडणं मिटवलेला माणूस. "झालं ते झालं. असं करू, नाव घासून टाकू आन् दगड बसवू. रविवारी पाहुणे येऊन राह्यले. लोकाईले काय सांगाचं?"

"जे झालं ते सांगाचं," श्रुतिका म्हणाली. "गुरुजी, हा दगड आज बसला तर उद्या प्रत्येक घरात म्हणतीन, नवं टिकत नाही, बाहेरून शिकून आलेल्या पोरीचं टिकत नाही. मी टिकवून दाखवते. मले फक्त दोन पोते सिमेंट आन् रविवार पाहिजे."

"रविवारी उद्घाटन हाय!"

"मग पाहुण्यांसमोर ओतू."

दाराजवळून मंजूचा आवाज आला. "माहा हात वर हाय, गुरुजी. दिसून राह्यला का? मोजा."

मग प्रेमलालचा हात वर गेला. मग एकेक करत इतके हात वर गेले की गुरुजींनी मोजणं सोडून दिलं आणि आपलाही हात वर केला. राजेंद्रचं उपाध्यक्षपद त्याच बैठकीत गेलं. तो टेम्पोत दगडाशेजारी बसून निघून गेला. त्याला कोणी अडवलं नाही, कोणी शिवीही दिली नाही.

रविवारी लालबर्रा, लांजीकडून पाहुणे इस्त्रीचे कपडे घालून आले. त्यांच्यासमोर प्रेमलालने बाह्या सरसावल्या. निळा ड्रम घासून, धुऊन मधोमध ठेवला होता. शेवंताबाई कळशी घेऊन पुढे आली, तशी मागून कोणीतरी कुजबुजलं, "पुन्हा तिलेच पाण्याजवळ?"

ती थबकली. कळशी खाली ठेवून तिने दोन्ही तळवे उघडले आणि सगळ्यांकडे फिरवून दाखवले. भेगाळलेले, रिकामे.

श्रुतिकाने कळशी उचलून तिच्या हातात परत दिली. "पस्तीस लिटर, आजी. एक थेंब जास्त नाही."

"मले मोजता येते," शेवंताबाई म्हणाली, आणि तिने पाणी ओतलं.

बुधवारी पुन्हा नऊ वाजता आम्ही जमलो. मागच्या बुधवारपेक्षा दुप्पट माणसं होती. प्रेमलालने पहिली फळी काढली, मग दुसरी, मग खाचेचा पत्रा. टेबल उभं होतं, ओलसर, करडं, धारदार कडांचं. श्रुतिकाने माझ्या हातात हातोडा दिला. मी मारला. आवाज खिडकीच्या जाळीतून बाहेर रस्त्यावर गेला.

तरी सगळे भिंतीला टेकून उभे. जवळ जायला कोणी धजेना.

शेवंताबाईने पदर खोचला. "आता बसा न," ती म्हणाली. "उभे काहून राह्यले?"